धुऱ्याच्या पलीकडची येळवस

इहीणबाई, तुमच्यावर माझा राग आहे. तो आधी सांगते, मग बाकीचं.

तुम्हाला माती देऊन बारा दिवस झाले. लोक आले, चांगलं चांगलं बोलून गेले. महानंदाबाई कशा शांत होत्या, कधी कुणाला वर आवाज करून बोलल्या नाहीत, असं तुमच्या गल्लीतली एक बाई सांगत होती. मी तोंडाला पदर लावला. तिला वाटलं मी रडते. मी हसत होते. चाळीस पावलांवरून ओरडून ओरडून माझ्याकडून भज्जी करून घेतली ती बाई मग कोण होती?

तुमच्या बसवराजनं आणि माझ्या रेखानं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा तुम्ही माझ्याशी सहा महिने बोलला नाहीत. मी वर्षभर बोलले नाही. तुम्ही गळ्यात लिंग घालणाऱ्या, आमच्या नांदेडच्या घरात दर रविवारी मटण. मग ईश्वरी झाली आणि आपण बोलायला लागलो. बोलायला म्हणजे भांडायला. टोपडं कुणी शिवायचं, पहिला घास कुणी द्यायचा. तुमच्याशी भांडायला मजा यायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही माजल्या असता.

ईशीला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. लातूरला दवाखाना, लातूरलाच रेखाचं घर. मी नांदेडहून पिशवी घेऊन आले ती तिथंच राहिले. तुम्ही जळकोटच्या पुढं तुमच्या गावी, पण रोज सकाळी फोन. पाच महिने डोस झाले. केस गेले, तोंडात फोड आले, पोरीनं सगळं सोसलं. आणि येळवशीच्या दिवशी पेशी खाली गेल्या म्हणून ती काचेच्या खोलीत एकटी होती. तुमच्याकडं लातूर भागात त्या अमावस्येला घरात माणूस राहत नाही, सगळं शहर शेतात जातं. दवाखान्यातल्या निम्म्या नर्स सुट्टीवर. ईशीनं मला काचेतून विचारलं, "आज्जी, सगळे गेले का?" मी म्हणाले, "हाव, गेले." मला खोटं बोलता येत नाही.

त्यानंतर महिन्यानं ती म्हणाली, "बस झालं. आता मी जाणार नाही." रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडं तोंड करून झोपली. बसवराजनं समजावलं, रेखा पाया पडायची बाकी राहिली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की डोस आता मध्येच तुटले तर आजार परत येईल, आणि परत आला तर जास्त अवघड असेल. उचलून नेता येतं, पण नऊ वर्षांची पोर रोज हातपाय झाडायला लागली तर किती दिवस नेणार? डॉक्टरच म्हणाले, "पेशी वर आल्यात. चार दिवस मोकळ्या हवेत न्या. गर्दी नको, कच्चं नको, धूळ नको. सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको. ताप शंभरावर गेला की तसंच इकडं या. सोमवारी पुढचा डोस."

सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको. हे मी फोनवर तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं होतं. लक्षात आहे ना?

तुम्ही पलीकडून म्हणालात, "मग येळवस करू की शेतात."

"अवो, अमावस्या होऊन महिना झाला. शिळी येळवस कुणी करतं का?"

"शिळी कशी? तिची झालीच न्हाई अजून. लेकरू तवा आत व्हतं. तिची हाय तशीच ठिवलेली हाय."

"आणि देव काय म्हणंल?"

"देवाला मी बघून घेते. तुमी थर्मामीटर घ्या."

मी चिडून फोन ठेवला. पण खरं सांगू? फोन ठेवला आणि लगेच सामान काढायला लागले. पाच महिने औषधाच्या वासात बसले होते. माझं माहेर किनवटचं, आमच्या दारात जंगल यायचं. उघड्यावर राहायचं म्हटल्यावर माझे पाय आपोआप निघाले. दोन पातेली, पाणी उकळायला मोठा डबा, धुतलेल्या चादरी, तीन वेळा मोजलेल्या गोळ्या. बसवराजनं नारिंगी रंगाचा तंबू मागवला होता. तो गाडीच्या टपावर बांधला तेव्हा ईशी पहिल्यांदा भिंतीकडून वळली आणि खिडकीतून बघून म्हणाली, "हे काय आहे?"

आम्ही पोचलो आणि बघितलं तर काय! शेताच्या बांधापासून, धुऱ्यापासून, तीसेक पावलं आत बांबू रोवलेले आणि त्याच्यावर तुमच्या साड्या. हिरवी, जांभळी, ती मोरपंखी काठाची, आणि तुमच्या लग्नातलं कुसुंबी लुगडंसुद्धा. येळवशीचा कोप, म्हणजे शेतातली खोपी, कडब्याचा असतो. पण कडब्याला धूळ, आणि धूळ नको असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तुम्ही बारा साड्या धुवून, उन्हात वाळवून, इस्त्री मारून कोप केला होता. चारही बाजूंनी ज्वारी कंबरेच्या वर, वाऱ्यानं साड्या फुगलेल्या. मी म्हणाले, "हा कोप हाय का धोब्याची दोरी?" पण माझं कोण ऐकतंय. ईशी गाडीतून उतरली, डोक्यावरची टोपी काढली आणि गाडीत फेकली. पाच महिन्यांत तिनं माणसांसमोर टोपी काढली नव्हती. तुळतुळीत डोक्यावर साड्यांचे रंग पडले होते. "अव्वा!" म्हणून ती तुमच्या नावानं जी ओरडली, की शेजारच्या वावरातले बगळे उडाले.

आणि तुम्ही कुठं होता? धुऱ्याच्या पलीकडं. तोंडाला पदर बांधून, बाभळीखाली खाट टाकून बसलेल्या. हात वर केलात आणि तिथूनच ओरडलात, "आली का गं माझी वाघीण?"

जवळ आला नाहीत. मला तेव्हाच खटकलं.

मी विचारलं तर म्हणालात, "तुमी अंडी आणल्यात. मला वास सोसत न्हाई. मी हितंच बरी."

अंडी डॉक्टरांनी सांगितली होती, रोज दोन, उकडून. तुमच्या शेतात आजवर अंडं शिरलं नव्हतं. तुम्ही परवानगी दिली, पण अट घातली. "उकडा, पर धुऱ्याच्या पलीकडं उकडा." म्हणजे अंड्यांपुरती तीन दगडांची चूल तुमच्या बाजूला. म्हणजे अंड्याचा वास तुमच्याच नाकाशी! वास सोसत नाही म्हणून बाई जिकडं चूल तिकडंच जाऊन बसली, हे माझ्या डोक्यात तेव्हा यायला पाहिजे होतं. नाही आलं. मी आपली तुमची खोड काढण्यात दंग.

पहिला दिवस तंबूत गेला. तंबू उभा करण्यात, असं म्हणायचं आहे मला. बसवराज इंजिनिअर, पण तंबू त्याला आवरेना. एक बाजू उभी केली की दुसरी बसायची. एकदा तर तो आतच अडकला आणि नारिंगी कापडातून नुसता त्याचा हात बाहेर. ईशी पोट धरून हसत होती. रेखा हसत होती. तुम्ही पलीकडून ओरडत होता, "आरं, तुझा बाप लोकांच्या लग्नाला मांडव घालायचा, आन् तुला पिशवी उभी करता येईना!" शेवटी तंबू साड्यांच्या कोपात घातला. आत तंबू, बाहेर साड्या. ईशी म्हणाली, "घराला घर घातलंय."

दुसऱ्या दिवशी येळवस. पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवले, रेखानं मांडले, कुठं ते ईशीनं लांबून सांगितलं, कारण मातीत हात घालायचा नव्हता. आणि स्वयंपाक माझ्यावर! मला काय माहीत तुमची भज्जी कशी करतात? आमच्याकडं भजी म्हणजे तेलात तळायची. तुमची भज्जी म्हणजे सगळ्या शेतातल्या शेंगा, हरभऱ्याचे दाणे, तुरीचे दाणे, गाजर, बोरंसुद्धा, एकत्र शिजवून वर ताकातलं बेसन. मी म्हणाले, या इकडं आणि करा. तर तुम्ही खाटेवरून हुकूम सोडायला लागला.

"बेसन आधी ताकात कालवा! ताकात ओ!"

"कालवलं!"

"गुठळ्या झाल्या का?"

"तुम्हाला तिथून दिसतात का?"

"दिसत न्हाईत, पर तुमच्या हातानं झाल्याच असतील!"

ईशी मधल्यामध्ये निरोप पोचवत होती, आपल्याला एकमेकींचं ऐकू येत असताना. "आज्जी, अव्वा म्हणते तुला येत नाही." "अव्वा, आज्जी म्हणते गप बस." स्टीलची ताटली आणि चमचा तिच्या हातात. तिनं ताटली दोनदा वाजवली की तुम्ही तांब्या दोनदा वाजवायचा. हा खेळ सकाळपासून चालू. मला वाटलं नुसताच खेळ आहे.

पिकावर शिंपडायची ताक-ज्वारीची आंबील मात्र फसली. कच्चं ताक चालणार नव्हतं, म्हणून मी उकळली. ताक फुटलं. पाणी एकीकडं, चोथा एकीकडं. तुम्ही म्हणालात, "आंबील उकळती का कुठं? ती आता आंबील राहिली न्हाई." मी म्हणाले, "पोर राहिली पाहिजे. आंबील गेली खड्ड्यात."  तुम्ही म्हणालात, "खरं हाय. शिंपडा तसलीच. ज्वारी काय तोंड वाकडं करत न्हाई." रेखा आणि बसवराज आंबील शिंपडत ज्वारीतून पळाले, मोठमोठ्यानं ओरडत. ईशी त्यांच्या मागून साड्यांच्या कडेकडेनं पळाली. पळाली, इहीणबाई! खाटेवरून संडासापर्यंत जायला जिला धरावं लागायचं ती. मी थर्मामीटर हातात घेऊन तिच्या मागं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. चौथीपर्यंतच शिकले, पण त्या चार दिवसांत तेवढे आकडे मी देवाच्या नावासारखे वाचले.

ती दोन वाट्या भज्जी जेवली. गुठळ्यांसकट.

आता तिसरा दिवस. तो मला लिहायचा नव्हता.

दुपारची वेळ. ईशी तंबूच्या दारात बसून तुम्हाला बोलवत होती. "अव्वा, ये ना, एकदाच." तुम्ही मान हलवून नाही म्हणालात आणि तांब्या वाजवलात. तिनं ताटली वाजवली नाही. आत जाऊन पडली. माझं डोकं फिरलं. मी धुऱ्यावर आले. अंडी उकळत होती, तुम्ही तिथून सात-आठ पावलांवर खाटेवर. मी म्हणाले, "काय करून राहिल्या तुम्ही हे? तीन दिवस झाले. पोरीच्या जवळ बसायची किळस येते का? कॅन्सर लागत न्हाई कुणाला, शिकलेल्या घरच्या ना तुम्ही?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं. पदर डोळ्यांपर्यंत होता, त्याच्यावर नुसते डोळे.  मग म्हणालात, "अंडी जास्त उकडली. खाली काढा."

आणि तोंड फिरवून बसलात. कोपाकडं पाठ, ज्वारीकडं तोंड. खांदे हलत होते. पदरानं डोळे पुसलेत, एकदा नाही, चारदा. मी मनात म्हणाले, धूर लागला असेल. मला माहीत होतं वारा दुसऱ्या बाजूला आहे. तरी मी धूरच म्हणाले, आणि अंडी घेऊन आले.

चौथ्या दिवशी सकाळी मी ईशीसमोर बसले. म्हणाले, "बघ बाई, मी गोड बोलणारी न्हाई. दवाखान्यात दुखतं. न गेलीस तर ह्याच्याहून दुखेल. हसलीस, पळालीस, आता चल." तिनं माझ्याकडं बघितलं, उठली, टोपी शोधली, घातली नाही, हातात धरली, आणि गाडीत जाऊन बसली. "चला," म्हणाली. रेखा रडायला लागली. मी गर्वानं फुगले. माझ्या बोलण्यानं गेली! गाडी निघाली तेव्हा तुम्ही धुऱ्यावर उभ्या होता. तांब्या एकदाच वाजवलात. ईशीनं काचेवर टकटक केलं.

सोमवारी डोस घेतला. पुढचाही, त्याच्या पुढचाही. एकदाही भिंतीकडं वळली नाही. मी आल्या-गेल्याला सांगत होते, माझा एक दम आणि पोर सरळ. तुमच्यासमोर पण सांगितलं, दोनदा. तुम्ही म्हणालात, "व्हय, तुमच्या तोंडापुढं कॅन्सर पण टिकत न्हाई." आणि गालात हसलात. आता फक्त गोळ्या आहेत. केस दोन बोटं आलेत, कुरळे आलेत, कुणाचे ते ठरवायचं आपलं भांडण राहिलंय.

मग बारा दिवसांपूर्वी तुम्ही सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेलात. तुमच्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवूनच माती दिली. ईशी समोर उभी होती. डोळ्यांत थेंब नाही. बायका कुजबुजल्या, एवढी अव्वाची लाडकी, आणि बघा. मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या गप्प झाल्या, पण मलाही भीती वाटली. दुसऱ्या दिवशी नाही रडली, तिसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या अंगणात ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "आज्जी, एक विचारू? तू खोटं बोलत नाहीस ना?"

"न्हाई."

"शेतात अव्वा रडली होती का? एकदा तरी?"

मी म्हणाले, "का गं?"

मग तिनं सांगितलं. शेतात यायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला फोन केला होता. तुम्हाला सर्दी झाली होती, घसा बसला होता. आम्हाला सांगितलं असतं तर मी सगळंच रद्द केलं असतं. केलंच असतं! म्हणून नातीला सांगितलंत. तिला म्हणालात, मी धुऱ्याच्या अलीकडं पाय टाकणार न्हाई. चार दिवस. तू काचेत बसतीस तशी मी खाटेवर बसते, तोंडाला बांधून, कुणी हात लावायचा न्हाई. बघू कोण आधी रडतंय. मी न्हाई रडले तर तू सगळे डोस घ्यायचे, आन् रडायचं न्हाई. डोस संपले तरी पैज चालूच, जो आधी रडला तो हरला.

ईशी म्हणाली, "आधी मला वाटायचं की फक्त मीच काचेत असते. मग अव्वा पण होती ना. एकदा राहवलं नाही म्हणून मी बोलवलं, तरी ती आली नाही. तांब्या वाजवायची म्हणजे सांगायची, मी नाही रडले अजून." मग म्हणाली, "आता अव्वा कधीच रडणार नाही. म्हणजे मी हरले ना? हरले असेन तर आता मी रडू का?"

इहीणबाई, राग येतो तो याचा. एक, तुम्ही मला सांगितलं नाही. मी अजूनही म्हणते, सांगायला पाहिजे होतं. सर्दी घेऊन चाळीस पावलांवर बसायचं हा काय पोरखेळ आहे? तुम्ही वरून म्हणणार, सांगितलं असतं तर येळवस झाली असती का? नसती झाली. हे भांडण मिटायचं नाही, राहू द्या. दुसरं, तुम्ही लबाडी केलीत. तुम्ही तिसऱ्याच दिवशी हरला होता. पाठ फिरवून हरलात, पोरीला दिसू नये म्हणून, आणि परत वळून तांब्या वाजवलात.

आणि तुम्हाला हरवलं मी. जी बाई नातीला सर्दी लागू नये म्हणून तीन दिवस अस्पृश्यासारखी बसली होती, तिला मी किळस येते का म्हणून विचारलं. दहा महिने तुम्ही माझ्या हातचं जेवलात, माझ्या बढाया ऐकल्यात, आणि हे एकदाही तोंडावर मारलं नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी मारलं असतं.

मी ईशीला सांगितलं. "तुझी अव्वा रडली. तिसऱ्या दिवशी दुपारी. मी बघितलं. मीच वाईट बोलले, म्हणून रडली."

तिनं माझा पदर धरला. "नक्की? चुलीचा धूर तर नव्हता?"

"वारा उलटा होता."

"म्हणजे मी जिंकले?"

"हाव. तू जिंकलीस."

"अव्वानं चीटिंग केली?"

"लई मोठी."

ती हसली. मोठ्यानं, त्या तंबूच्या दिवशी हसली होती तशी. आणि हसता हसता माझ्या मांडीत तोंड घालून रडायला लागली, पाच महिन्यांचं, दहा महिन्यांचं, सगळं. मी तिच्या कुरळ्या केसांवर हात ठेवून बसले. मी पैजेत नव्हतेच, मला कुणाची बंदी नव्हती.

अमावस्या जवळ आली आहे. ह्या वर्षी तिथीला येळवस, शिळी नाही. डॉक्टर हो म्हणालेत, कडब्याचा कोप चालेल. तरी ईशीनं तुमच्या साड्या काढून धुवायला लावल्यात, कडब्याच्या वरून घालायच्यात म्हणे. भज्जी मीच करणार, बेसन आधी ताकात कालवून. आंबील कच्ची, न उकळलेली. ईशीनं यादीत अंडी लिहिली आहेत. चूल धुऱ्याच्या पलीकडंच मांडणार आहे, बाभळीखाली, आणि खाट पण तिथंच टाकणार. अंडी उकळेपर्यंत मी तुमच्या जागेवर बसेन. तांब्या घेऊन ठेवला आहे.